चादरीवरच्या मोरामागची सी भाषा

सोलापुरी चादरीवर मोर उमटवताना जकार्डला, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेला, दर आडव्या धाग्यापाशी एकच गोष्ट ठरवायची असते. उभ्या धाग्यांतले कोणते उचलायचे? अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत जुन्या मागांवर हे काम भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं करत आली. भोक असेल तर धागा उचलणारा हूक वर, नसेल तर खाली. इलेक्ट्रॉनिक जकार्डमध्ये पुठ्ठ्याच्या जागी चिप आली आणि अशा चिपवरचे प्रोग्राम बहुतेकदा सी भाषेत किंवा तिच्या सी++ या भावंडात लिहिले जातात.

सी घडवली डेनिस रिची यांनी, बेल लॅब्जमध्ये, 1972 च्या सुमारास. ती कंपाइल होते, म्हणजे लिहिलेल्या ओळींची यंत्रभाषा आधीच तयार होते. काम चालू असताना मध्ये दुभाष्या लागत नाही. लोक तिच्या वेगाचं कौतुक करतात, मला काटकसर जास्त मोलाची वाटते.

1344 हुकांचं जकार्ड धरा. वर म्हणजे 1, खाली म्हणजे 0. एका बाइटमध्ये असे आठ मावतात, म्हणजे अख्खी ओळ 168 बाइटांत बसली. पायथॉन या दुसऱ्या भाषेच्या साध्या यादीत, 64 बिटच्या संगणकावर, नुसत्या नोंदींनाच 10,752 बाइट लागतील. आर्डुइनो उनो आर3 या शिकाऊंच्या छोट्या बोर्डावरच्या चिपची रॅम आहे 2 केबी, म्हणजे 2,048 बाइट! त्यात माग मिनिटाला 150 धागे टाकत असेल, तर पुढची ओळ 0.4 सेकंदात तयार हवी, दर वेळी. 16 मेगाहर्ट्झच्या त्या चिपला तेवढ्यात घड्याळाचे 64 लाख ठोके मिळतात. सीला ते रग्गड झाले.

अँड्रॉइडच्या तळाचं लिनक्स, फोनमधलं माहिती साठवणारं एसक्यूलाइट, इतकंच काय पायथॉनचा नेहमीचा इंटरप्रिटर, म्हणजे तिचा दुभाष्यासुद्धा सीमध्येच आहे.

पण ही भाषा राखण करत नाही. 168 बाइटांच्या रांगेत 169वा लिहायला सांगा, ती मुकाट लिहिते आणि शेजारचा आकडा बिघडवते. 2014 मध्ये उघड झालेला ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड दोष याच जातीचा. लांबी तपासायची राहिली आणि सर्व्हरच्या मेमरीतला भलताच मजकूर बाहेर जाऊ लागला. रस्ट या नव्या भाषेत असा प्रोग्राम तिथेच थांबतो. 2022 च्या 6.1 आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली आहे.

तरी इथल्या डिप्लोमाच्या पोरांनी सुरुवात सीपासूनच करावी. उनोला आठ एलईडी जोडून एकच बाइट लिहून बघा, आठही एकदम बदलतात. जकार्डच्या एका ओळीसाठी हेच 168 वेळा करायचं असतं.