होया वेल

(कुल : ॲपोसायनेसी, जुन्या ग्रंथांत ॲस्क्लेपिएडेसी, म्हणजे रुई कुल). टांगलेल्या कुंडीतून खाली लोंबणारी, जाड मेणचट पानांची, सुवासिक फुलांचे झुबके धरणारी सदाहरित वेल. नर्सरीत ‘वॅक्स प्लांट’ म्हणूनही मिळते. होया प्रजातीत सुमारे ५०० जाती असून त्यांतल्या पुष्कळशा आग्नेय आशियातल्या आहेत. घरांत सर्वाधिक लावली जाते ती होया कार्नोसा.

गोव्यातल्या घरांत ही वेल अनेकदा नावाशिवायच येते. माहेरच्या पडवीतली एक फांदी, शेजारणीने दिलेले दोन पेर, एवढीच तिची कुळकथा. मग दोन-तीन वर्षे नुसती पाने. घरची माणसे तिला मनीप्लांटचाच एखादा प्रकार समजून चालतात. एखाद्या तिन्हीसांजेला बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत, गोड वास दरवळतो, पानांआड गुलाबीसर फुलांचा गेंद दिसतो आणि ‘हे झाड कसले?’ हा शोध तेव्हा सुरू होतो.

हा शोध वासावरून घेऊ नये. म्हार्दोळला महालसेच्या देवळात जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा होते, त्या मुलखातल्या नाकाला कोणताही गोड वास आधी जायांचाच वाटणार. शिवाय होयाचा वास जातीगणिक बदलतो. काहींचा मधासारखा, काहींचा थेट चॉकलेटसारखा. कार्नोसाचा वास रात्री चढतो, त्यामुळे एकाच फुलाला सकाळी हुंगणारा आणि रात्री हुंगणारा अशा दोघांचे एकमत होणे कठीण.

खात्रीची खूण म्हणजे चीक. एका पानाचे टोक तोडावे. पांढरा दुधासारखा चीक आला तर मनीप्लांट, जाई, मधुमालती ही सगळी एकदम बाद होतात. दुसरी खूण पानांची मांडणी. होयाची पाने बहुधा पेरावर जोडीने, समोरासमोर येतात. मनीप्लांटची एकाआड एक, आणि तो घरात फुलत नाही. ज्याला आपल्याकडे ब्रह्मकमळ म्हणतात, त्या निवडुंगाची ‘पाने’ मुळात चपटी खोडे असतात. खरा घोटाळा होतो तो स्टेफॅनोटिसशी. मादागास्करची ही वेल होयाच्याच कुळातली. तिलाही चीक, तिचीही पाने जाड आणि समोरासमोर, फुलेही सुवासिक. मात्र तिचे फूल पांढरे आणि लांब नळीचे असते. होयाचे फूल बहुधा पसरट.

ते फूल भिंगाखाली अवश्य पाहावे. चामरकल्प फुलोऱ्यात सगळी फुले एकाच देठाच्या टोकावरून छत्रीच्या काड्यांसारखी फुटतात. प्रत्येक फूल म्हणजे पाच पाकळ्यांची चांदणी. कार्नोसात तिच्यावर मखमली लव असते. मधोमध दुसरी, छोटी, चकचकीत चांदणी बसवलेली असते. तिला तोरण म्हणतात. रुईच्या फुलातला मधला मुकुट ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाते सांगावे लागत नाही. परागही रुईसारखेच, सुट्या भुकटीऐवजी पुंजक्यांत. पतंगांच्या पायांना ते अडकतात आणि दुसऱ्या फुलाला पोचतात. फुलातून मध टपकतो, म्हणून खालच्या लादीवर चिकट थेंब दिसले की कीड पडली असे लगेच समजू नये.

फुले गळाल्यावर मागे उरणारा बोटभर देठ हीच होयाची सर्वांत बोलकी खूण, आणि हमखास कापली जाणारीही. वाळका समजून तो छाटतात. पण पुढचा बहर त्याच देठाच्या टोकावर येतो, आणि वर्षानुवर्षे येत राहतो. लांबच लांब, बिनपानांच्या शेंड्यांचेही तसेच. ते आधार शोधत असतात, पाने मागाहून फुटतात. फूल नसलेल्या दिवसांत वेल ओळखायची तर असा जुना देठ शोधावा.

रानात बहुतेक जाती झाडांच्या सालीवर वाढतात. तरी होया बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. होया अपिवनस्पती आहे, आमरीसारखी (ऑर्किडसारखी) नुसता आधार घेणारी. सह्याद्रीतही होया वाइटी ही जात आहे. मद्रास इलाख्यात काम केलेल्या रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव तिला दिले आहे. प्रजातीचे नाव मात्र एका माळ्याचे. इंग्लंडमधल्या सायन हाउसच्या बागेचे प्रमुख टॉमस हॉय यांच्यावरून रॉबर्ट ब्राउन यांनी ते १८१० मध्ये ठेवले. झाडे सांभाळणाऱ्या हातांना असा मान क्वचित मिळतो.

सालीवरच्या या सवयीमुळे नुसत्या मातीत मुळे गुदमरतात. सोडणाचे (नारळाच्या सालीचे) तुकडे, कोळसा आणि थोडे शेणखत पुरते. गोव्याच्या पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखालून हलवावी. पाण्याअभावी जितक्या वेली जातात त्याहून जास्त वेली मुळे कुजल्याने जातात. सकाळचे कोवळे ऊन मिळाले तर फुले येतात, अंधाऱ्या कोपऱ्यात नुसती पाने. पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड दिसली तर ओल्या फडक्याने पुसून काढावी.

लागवड दोन पेरांच्या फांदीवरून होते. हृदयाच्या आकाराचे एकच पान कुंडीत खोचून विकतात, ती होया केरी. पानाला खोडाचा तुकडा नसेल तर ते वर्षानुवर्षे हिरवे राहील, पण त्याची वेल होणार नाही. घेताना देठाखाली बोटाने चाचपून पाहावे.