समुद्रावर फोटोला निघण्यापूर्वी

(कॅमेरा आणि ट्रायपॉड भाड्याने नेणाऱ्या, तसेच फोटो छापून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

मोबाइलच्या स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो बारा बाय अठरा इंचांत छापला की त्याचं पितळ उघडं पडतं. रत्नागिरीतल्या आमच्या काउंटरवर हे नेहमीचंच. ‘लेन्स खराब होती का हो?’ हा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा लेन्स ठणठणीत असते. कॅमेरा हललेला असतो, नाहीतर काच धुरकटलेली असते.

काचेचं आधी सांगतो. वारा समुद्राकडून असला की थोड्याच वेळात लेन्सवर खाऱ्या तुषारांचा थर बसतो. तो सहज दिसत नाही, पण सूर्य समोर आला की अख्खा फोटो दुधाळ होतो. आधी ब्लोअरने वाळूचे कण उडवा, मग किटमधल्या कापडाने हलक्या हाताने पुसा. शर्टाच्या टोकाने अजिबात नको. हॉटेलच्या एसी खोलीतून निघालात तर कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर बाहेरच्या दमट हवेत काचेवर लगेच वाफ धरते.

वाळूवर ट्रायपॉड उभा केला म्हणजे काम झालं, असं नाही. लाट पायांशी येऊन परतताना खालची वाळू ओढून नेते आणि ट्रायपॉड हळूच कलतो. पाय दाबून रोवा, एक-दोन लाटा जाऊ द्या, मगच फ्रेम लावा. उंची वाढवायची तर वरच्या जाड नळ्या आधी, बारीक नळ्या शेवटी. लेन्सवरचं स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा आणि बटण दाबताना बसणारा धक्का टाळायला दोन सेकंदांचा टायमर लावा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, १०० ठेवा.

अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ ८ किंवा एफ ११ ठेवा; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. ‘एफ २२ ला सगळं शार्प येतं’ हे अर्धंच खरं. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि जवळचं-लांबचं सगळंच किंचित मऊ होतं. आमच्या किटमधली १८-५५ मिमीची झूम लेन्स १८ वर ठेवून एफ ८ ला दोन मीटरवर फोकस केलंत, तर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. दोन मीटर म्हणजे पुढे तीन पावलं टाका, तिथल्या शंखावर किंवा दगडावर फोकस करा, मग फोकस मॅन्युअलवर टाका आणि रिंगला हात लावू नका. ट्रायपॉड नसेल तर झूम ५० वर असताना शटर निदान १/८० सेकंद हवं.

आता फ्रेम. भाट्याच्या किनाऱ्यावरचे फोटो आमच्याकडे फार येतात, आणि त्यांतल्या निम्म्यांत क्षितिज बरोबर मध्यावर, सूर्य मध्यावर आणि होडीचं नाक कडेला कापलेलं. एका ग्राहकाला आम्ही एवढंच सुचवलं: सूर्य विसरा, होडी बघा. दुसऱ्या दिवशी ते गुडघ्यावर बसले, होडी डावीकडे पूर्ण घेतली, तिचा दोर ओल्या वाळूवरून आत जाताना दाखवला आणि आकाश वरच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवलं. कॅमेरा तोच, जागा तीच. तो प्रिंट दुकानात लावायला आम्ही त्यांच्याकडून मागून घेतला.

आकाश नुसतंच पांढरं असेल तर त्याला जागा देऊ नका. ढग चांगले असतील तर उलट करा. क्षितिज सरळ आहे ना, हे स्क्रीनवरच्या ग्रिडवर बघा. कललेला समुद्र छापल्यावर फार खुपतो. आरे-वारेला वरच्या वळणावरून फोटो घेताना रेलिंग फ्रेममध्ये येत नाही ना, तेही तपासा.

ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब हवं असेल तर ओहोटीला जा. जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी पाणी चढलेलं, तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास नेमकं उतरलेलं. शिवाय तेव्हा उधाण असल्यामुळे ओहोटीला पाणी लांबवर समुद्रात मागे गेलेलं असतं. आमच्या मते महिन्यातले हे दिवस सोडू नयेत. कातळावर मात्र शेवाळ असतं आणि पाणी परत चढायला लागतं, तेव्हा समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका. सूर्य बुडाला की लगेच आवरूही नका. पुढची वीस मिनिटं रंग चढतात.

मोबाइलवाल्यांनी काच पुसावी, बोटांनी झूम न करता दोन पावलं पुढे जावं. बाकी सगळं वरचंच.

परत करताना ट्रायपॉडच्या नळ्या गोड्या पाण्याने पुसून आणा. वाळू अडकली की लॉक फिरत नाही आणि मग तो आम्हाला पूर्ण खोलावा लागतो. छापायला कार्डच घेऊन या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. मोठ्या प्रिंटच्या आधी एक चार बाय सहाचा नमुना काढून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही.