जांघेतली गाठ: अवधाण की अंतर्गळ?

लासलगाव-पिंपळगावकडचा हमाल जांघेत गाठ आली म्हणतो, तेव्हा घरच्यांचं निदान आधीच झालेलं असतं: गोण्या उचलल्या, अंतर्गळ (हर्निया) झाला. पुष्कळदा तो असतोही. तरी आधी त्याचे पाय बघावेत. टाचेच्या भेगेत पू असेल किंवा बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील, तर ते अवधाण असण्याची शक्यता मोठी.

अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. लसिका म्हणजे अंगातल्या बारीक नळ्यांतून वाहणारा पातळ द्रव; तो जखमेतले जंतू वाटेतल्या ग्रंथींपर्यंत नेतो. जखम एकीकडे आणि गाठ भलतीकडे, हे कसं, ते त्र्यंबकच्या डोंगरांवरून कळेल. तिथलं पूर्वेचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं, पश्चिमेचं वैतरणेतून अरबी समुद्राला. पोटाच्या कातडीवर असा दुभाजक बेंबीच्या पातळीला आहे. बेंबीच्या वरची लसिका काखेत जाते, खालची जांघेत. म्हणून ओटीपोटावर गळू झालं, तरी अवधाण जांघेत येतं. जांघेच्या घडीलगतच्या ग्रंथींच्या आडव्या रांगेत ओटीपोट, कुल्ला आणि गुदद्वाराभोवतालच्या कातडीची लसिका येते. खालच्या उभ्या रांगेत मुख्यतः पायाची.

हा हिशोब कातडीचा आणि तिच्याखालच्या चरबीचा. पोटाच्या स्नायूंची लसिका खोल रक्तवाहिन्यांच्या सोबतीने छातीत, ओटीपोटात आणि कमरेच्या मणक्यांजवळ जाते. तिथल्या ग्रंथी सहसा हाताला लागत नाहीत. वृषणाचं तर आणखी गमतीचं. त्याच्या पिशवीच्या कातडीची लसिका जांघेत जाते, पण वृषण मुळात पोटातून उतरलेलं, म्हणून त्याची लसिका थेट महाधमनीपाशी परत जाते.

अंतर्गळाला जखम लागत नाही. पोटाच्या भिंतीतल्या कच्च्या जागेतून आतडं किंवा चरबी बाहेर येते. उभं राहून खोकलं की गाठ फुगते, आडवं झालं की बहुधा आत जाते. अवधाण आत-बाहेर करत नाही. ते दाबलं की दुखतं आणि बोटाखाली थोडं सरकतं.

फसवतो तो जांघेच्या घडीखाली, मांडीच्या मुळाशी येणारा अंतर्गळ. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, लहानसा, कधी खोकल्यानेही न फुगणारा आणि नेमका ग्रंथींच्या शेजारी. त्याची वाट अरुंद असल्याने आतडं अडकण्याचा धोकाही जास्त. इथे हातावर विसंबू नये, सोनोग्राफी करावी.

गाठ एकाएकी दुखू लागली, आत जाईना, उलट्या होऊ लागल्या, तर तेल लावून चोळू नये, सकाळची वाटही बघू नये. तडक सर्जन गाठावा. न दुखणारी, टणक, महिनाभरात न ओसरणारी गाठही दाखवावीच, पाय कितीही स्वच्छ असले तरी.