कृपा आणि तारण (ख्रिस्ती संकल्पना)

कृपा म्हणजे देवानं माणसावर केलेली अशी मेहेरबानी जी माणसानं कमावलेली नसते, आणि तारण म्हणजे त्या कृपेमुळं पाप, मरण आणि देवाशी झालेली ताटातूट यातून माणसाची होणारी सुटका. ख्रिस्ती शिकवणीत हे दोन शब्द जोडीनंच येतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे, आधी कृपा, मग तारण, आणि माणसाची सत्कर्मं त्याच्याही मागून. हा क्रम फिरवला की सगळी शिकवणच फिरते. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात तो फिरवूनच समजून घेतला जातो असं मला कायम दिसत आलंय, आणि त्याचं एक कारण आमच्या रोजच्या शब्दातच आहे, म्हणून आधी शब्दच बघू.

शब्द

मराठी बायबलमधला 'तारण' हा तरणे-तारणे यातला. बुडणाऱ्याला काठाला लावणं, पैलतीराला नेणं, हा त्याचा अर्थ, 'तारू' म्हणजे होडी हाही त्याच घरातला शब्द. पण इथं बाजारपेठेतनं फिरा, दर दोन दुकानांआड एखाद्या सोसायटीचा बोर्ड दिसतो, 'सोने तारण कर्ज'. म्हणजे रोजच्या वापरात तारण ही आपण ठेवायची वस्तू झाली, पाटल्या ठेवा, पैसे घ्या, फेडलं नाही तर पाटल्या गेल्या. एकदा खानापूर बाजूच्या एका गावात घरगुती प्रार्थना संपल्यावर एका वयस्कर मावशींनी पास्टरना अगदी मनापासून विचारलं होतं, "सोसायटीत सोनं ठेवल्याशिवाय काय मिळत न्हाई ओ, मग इथं आम्ही काय ठेवायचं?" पास्टर म्हणाले, "तुम्ही काय ठेवायचं न्हाई मावशी, ठेवून झालंय." अख्ख्या शिकवणीचा गाभा त्या उत्तरात आहे असं मला वाटतं. ख्रिस्ती लोक मानतात की किंमत माणसानं भरलेली नाही, ती येशूनं क्रुसावर स्वतःचा जीव देऊन भरली. मार्कच्या शुभवर्तमानात (१०:४५) येशू स्वतःबद्दल बोलताना खंडणीचाच शब्द वापरतो, पुष्कळांच्या सुटकेसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला मी आलोय असं.

सीमाभागात एकाच गल्लीत तीन भाषांत प्रार्थना चालते त्यामुळं शब्दही तीन ऐकू येतात. कन्नड उपासनेत 'कृपे' आणि 'रक्षणे', कोकणी मिस्सेत (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) 'कुर्पा' आणि 'सोडवण', मराठीत 'कृपा' आणि 'तारण'. रक्षणेत संकटातून वाचवणं जास्त जाणवतं, सोडवण म्हटलं की कुणीतरी अडकलेल्याला मोकळं केलं हे डोळ्यापुढं येतं (कोकणीत येशूला सोडवणदार म्हणतात), आणि तारणात पाणी आहे, काठ आहे. तिन्ही बाजू मूळ शिकवणीत आहेतच, एकाच भाषेत प्रार्थना करणाऱ्याला कदाचित एकच दिसते, इथल्या माणसाला तिन्ही कानावर पडतात हे त्याचं भाग्य.

मूळ ग्रीक शब्द 'खारिस', म्हणजे कृपा, मर्जी, फुकट दिलेली भेट. जुन्या करारातले हिब्रू शब्द 'हेन' आणि 'हेसेद', यातल्या हेसेदमध्ये दिलेला शब्द न मोडणारी माया असा अर्थ आहे, आणि ती माया समोरचा चुकला तरी तुटत नाही. तारणासाठी ग्रीक क्रियापद 'सोझो' आहे, त्याचा अर्थ वाचवणं असाही होतो आणि बरं करणं असाही. म्हणून रक्तस्रावाच्या आजारानं बारा वर्षं त्रासलेल्या बाईला येशू जेव्हा तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं म्हणतो तेव्हा तिथं तारणाचाच शब्द आलेला असतो. गावाकडच्या प्रार्थनेत आजार बरा होणं आणि तारण होणं लोक एकत्र करतात ते यामुळं अगदीच निराधार नाही, खरं दोन्ही एकच आहे असंही शिकवण म्हणत नाही. आजार बरा झाला नाही म्हणजे कृपा कमी पडली असं कुणाला सांगणं चुकीचं आहे आणि क्रूरही आहे. नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या प्रेषित पौलानं स्वतः आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरेशी आहे (२ करिंथ १२).

आणखी एक शब्द शाळेतून येतो, ग्रेस मार्क. दहावीला दोन-चार मार्कानं राहिला की बोर्ड ते मार्क टाकून पास करतं, म्हणून पोरांना वाटतं देवाची कृपाही तशीच, आपण तीसपर्यंत पोचायचं आणि वरचे पाच देव देणार. हे उदाहरण संडेस्कूलमध्येसुद्धा दिलं जातं आणि ते सोडून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. पौलाच्या पत्रांत माणूस काठावर नापास झालेला नाहीच, तो मेलेला आहे असं म्हटलंय (इफिस २), आणि मेलेल्याला पाच मार्क देऊन काही होत नाही.

दाखले

येशूनं कृपेची व्याख्या कुठं दिली नाही, गोष्टी सांगितल्या. उधळ्या पुत्राची (लूक १५) सगळ्यांना माहीत असते. वाटणी घेऊन गेलेला धाकटा सगळं उडवून डुकरं राखायची पाळी आल्यावर परत निघतो, वाटेत माफीचं भाषण पाठ करतो, आणि बाप ते पुरतं ऐकूनही घेत नाही, लांबूनच बघून पळत सुटतो. वाटणी, भावकी, थोरल्याचा राग हे सगळं आपल्याकडं घरोघरी असल्यामुळं ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पण थोरल्याकडं लक्ष कमी जातं. तो घर सोडून गेला नाही, राबला, आणि तरी बाहेर उभा राहिला, कारण त्याच्या लेखी बापाच्या घरात मिळणारं सगळं मजुरी होतं.

मजुरीवरून दुसरा दाखला, मत्तय २०, द्राक्षमळ्यातले कामकरी. अथणीकडं द्राक्षबागा आहेत, छाटणीला आणि विरळणीला माणसं लागतात, त्यामुळं इथं हा दाखला वाचला की बसलेली माणसं ताठ होतात. मालक पहाटे माणसं घेतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचला चौकात रिकामी उभी असलेलीही घेतो, आणि हजेरी वाटताना सगळ्यांना एकेक दिनार देतो, तोही शेवटच्यापासून सुरुवात करून. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. पहाटेचे चिडतात, आणि खरं सांगायचं तर रोजंदारीवर गेलेला कुणीही चिडेल. मालक म्हणतो ठरल्यापेक्षा तुला कमी दिलं का, मी उदार आहे म्हणून तुला सलतंय का. पाचला आलेल्या माणसाला दिवसभर कुणी कामावर घेतलं नव्हतं, आणि त्याच्या घरीही चूल होती, हे या दाखल्यात फार जणांच्या नजरेतून सुटतं. इथं मालकाचा हिशोब कामाच्या तासांनी चाललेलाच नाही.

वाद

कृपा देवाची हे सगळी चर्चेस मानतात. भांडण आहे ते माणसाचा वाटा किती यावर, आणि ते फार जुनं आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा एक ख्रिस्ती उपदेशक म्हणत होता की माणूस मनावर घेईल तर चांगलं जगू शकतो, त्यावर हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) म्हणाला की मनावर घेणं हेसुद्धा कृपेशिवाय होत नाही. ४१८ च्या कार्थेज परिषदेत पेलागियसचं म्हणणं नाकारलं गेलं, ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेनं विश्वासाची सुरुवातही कृपेनंच होते असं ठरवलं. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरनं पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवर हरकत घेतली आणि वाद पुन्हा पेटला, माणूस फक्त विश्वासानं नीतिमान, म्हणजे देवापुढं निर्दोष, ठरतो हे त्याचं म्हणणं. कॅथलिक चर्चनं १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिलं की सुरुवात कृपेचीच, पण माणूस त्या कृपेला साथ देतो, आणि कृपा त्याला नुसतं नीतिमान ठरवत नाही तर आतून बदलते. पुढं जवळजवळ साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ ला, आऊग्सबुर्गमध्ये लुथेरन आणि कॅथलिकांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, की आपल्या कुठल्याही पुण्याईमुळं नाही तर केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो, यावर आपलं एकमत आहे. २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात आली.

बेळगावच्या माणसाला हे लांबचं वाटायचं कारण नाही. इथं लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये जोसेफ टेलरनं सुरू केलं आणि १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्टांकडं गेलं, म्हणून इथली बरीच मराठी-कन्नड प्रोटेस्टंट घरं मेथडिस्ट. मेथडिस्ट परंपरा जॉन वेस्लीची. २४ मे १७३८ ला लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत, रोमकरांच्या पत्राला ल्यूथरनं लिहिलेली प्रस्तावना ऐकताना आपलं मन विलक्षण ऊबदार झालं असं त्यानं लिहून ठेवलंय. वेस्ली कृपेच्या तीन पायऱ्या सांगतो, माणूस देवाला शोधायच्या आधीच त्याच्यापाशी आलेली कृपा, मग नीतिमान ठरवणारी कृपा, मग आयुष्यभर पवित्र करत नेणारी कृपा. दुसरीकडं गोव्याशी जोडलेली कॅथलिक परंपरा, खानापूर-हल्याळ पट्ट्यातली कोकणी-मराठी घरं, १८५६ पासूनचं जेज्विट या कॅथलिक संघाचं सेंट पॉल्स स्कूल, १९५३ मध्ये झालेला बेळगावचा धर्मप्रांत. तिथं कृपा मुख्यतः सात संस्कारांतून येते, बाप्तिस्म्यात मिळते, मोठ्या पापानं जाते आणि कुमसारात (धर्मगुरूपुढं पाप कबूल करण्यात) परत मिळते. एकाच लग्नात मेथडिस्ट सासर आणि कॅथलिक माहेर असलं की हे फरक जेवणाच्या पंगतीत निघतात, आणि बहुतेक वेळा आजीच ते मिटवते.

भक्तीची भाषा

मराठी ख्रिस्ती माणसाला कृपा कळते ती बरीचशी संतांच्या शब्दांतून. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९), ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं म्हणायचे. श्रीवैष्णव परंपरेत कृपेचे दोन दृष्टांत आहेत, माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असतं आणि मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. ल्यूथर मांजरीच्या बाजूचा हे सहज कळतं. कॅथलिकांना माकडाच्या बाजूला बसवतात ते मात्र मला पटत नाही, कारण धरायचं बळही आईनंच दिलेलं असं ते मानतात. शिवाय एक फरक राहतोच, ख्रिस्ती शिकवणीत कृपा एका ठराविक माणसाच्या, ठराविक काळातल्या, पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या अमलात झालेल्या मरणाला आणि पुनरुत्थानाला बांधलेली आहे.

पंडिता रमाबाईंचं (१८५८–१९२२) उदाहरण तर कृपा आणि धर्म यातला फरक दाखवायला सगळ्यात उपयोगी. जन्म कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला, घर मराठी. बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ ला. आणि त्यांनी स्वतः लिहिलंय की त्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता. इतकी वाचलेली, पुराणं पाठ असलेली बाई, आणि तिलाही फुकट देणं घ्यायला आठ वर्षं लागली. केडगावच्या त्यांच्या संस्थेचं नाव मुक्ती.

मग चांगलं वागायचं कशाला

हा प्रश्न पौलाच्या वेळीही होता. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, असं तो रोमकरांच्या पत्रात (६:१) स्वतःच विचारतो आणि कधीच नाही म्हणतो. याकोबाचं पत्र म्हणतं कृतीशिवाय विश्वास मेलेला. जर्मन पास्टर डीट्रिख बोनहॉफरनं १९३७ मध्ये 'स्वस्त कृपा' हा शब्द वापरला, पश्चात्तापाशिवाय क्षमा, क्रुसाशिवाय कृपा, आणि हिटलरच्या राजवटीनं एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी दिली. इथं उलटी अडचण जास्त दिसते, नवसाची. देवाला काहीतरी बोलायचं आणि काम झालं की फेडायचं ही सवय चर्चमध्येही येते, मुलगा पास झाला तर इतक्या मेणबत्त्या, नोकरी लागली तर इतके शुक्रवार उपास. मेणबत्तीत वाईट काही नाही. पण ती आभाराची असावी, हप्त्याची नको.

त्या मावशींच्या प्रश्नाला बायबलमध्ये आणखी एक जोड आहे. इफिसकरांच्या पत्रात (१:१४) पवित्र आत्म्याला 'विसार' म्हटलंय. ग्रीक शब्द 'अराबोन', मुळात व्यापाऱ्यांच्या तोंडचा सेमिटिक शब्द, त्याचाच हिब्रू भाऊ उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात येतो, यहूदा तामारकडं हमी म्हणून आपली मुद्रा, गोफ आणि काठी ठेवतो तिथं. मराठी भाषांतरात विसार हा बैलबाजारातला शब्द बसवलाय आणि तो अचूक आहे. जोडी ठरली की घेणारा विसार देतो, बाकीचे पैसे येईपर्यंत जनावर त्याचंच धरलं जातं, दुसऱ्या कुणाला विकायचं नाही. इथं विसार देणारा देव आहे, आणि ज्याच्यासाठी तो दिला ते माणूस.