निळी बादली की काळी? रीफ टँकचं मीठ घेताना

नवा समुद्री टँक लावणारा माणूस दुकानात हमखास मिठाच्या दोन बादल्यांपुढे अडतो. कंपनी एकच, आकार तोच. रेड सीची निळी आणि काळी ही त्यातली नेहमीची जोडी. इन्स्टंट ओशन आणि रीफ क्रिस्टल्स ही दुसरी. एकीवर साधं ‘सॉल्ट’, दुसरीवर ‘कोरल’ नाहीतर ‘रीफ’. आपल्याला कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवायचेत, म्हणजे दुसरीच घ्यायची. मीही असंच ठरवलं होतं.

खडेमिठाचं आधी उरकून टाकू, कारण घरातलं कुणीतरी विचारतंच, “समुद्राचंच मीठ ना, मग पेणचं टाक की!” मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे बरेचसे क्षार आधी तळाला बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात मागे राहतं. हाती येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. आमटीला उत्तम, कोरलला निरुपयोगी.

आता बादल्या. खारटपणात दोघी सारख्याच: आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला साधारण ३८ ग्रॅम घातलं की ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग क्षार) होतं. फरक आहे तो कॅल्शियम-मॅग्नेशियममध्ये, आणि त्याहून जास्त अल्कलिनिटीत, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्यात. खऱ्या समुद्रात अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या (हे तिचं एकक) आसपास असते, कॅल्शियम ४१०-४२० पीपीएम (दशलक्षात इतके भाग). निळी बादली ८ च्या आसपास भरते, काळी १२ च्या. हार्ड कोरल सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत ओढून घेतात. ज्याच्याकडे डोसिंग (हे क्षार रोज थोडे थोडे वेगळे घालणं) नाही, फक्त वॉटर चेंजवर, म्हणजे अधूनमधून थोडं पाणी बदलण्यावर भागवायचंय, त्याची ही तूट काळी बादली काही प्रमाणात भरून काढते. ती ‘जास्त शुद्ध’ किंवा ‘वरच्या दर्जाची’ म्हणून नव्हे. वापर वेगळा, एवढंच.

आणि नावावर तर मुळीच जाऊ नका. साधं इन्स्टंट ओशन ११ च्या आसपास भरतं. उलट ट्रॉपिक मरीनच्या प्रो-रीफच्या नावातच रीफ आहे, तरी त्याची अल्कलिनिटी समुद्रासारखी कमी.

माझी फजिती इथेच झाली. डोसिंग पंप लावून टँक ८ वर स्थिर धरला होता, नायट्रेट, म्हणजे कोरलला लागणारं एक पोषण, जवळपास शून्य. त्यात १२ चं पाणी कालवून एका रविवारी ३० टक्के वॉटर चेंज केला. हिशोब सोपा होता, मी मांडला नाही एवढंच: १० टक्क्यांनी ८ चे ८.४ होतात, ३० टक्क्यांनी थेट ९.२. तिसऱ्या दिवशी ॲक्रोपोराची (फांद्यांचा एक हार्ड कोरल) टोकं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी. पोषण कमी असलेल्या टँकमध्ये अल्कलिनिटी अशी उडी मारते तेव्हा ॲक्रोपोरा फार हळवे असतात. मिठात खोट नव्हती, माझ्या टँकला ते नको होतं.

म्हणून डोसिंग असेल तर टँक ज्या आकड्यावर चालतो त्याच्या जवळचं मीठ घ्यावं. नुसते मासे किंवा मशरूम, झोआसारखे सॉफ्ट (कडक सांगाडा नसलेले) कोरल असतील तर फार डोकं लावू नये. जे सहज आणि कायम मिळेल ते चालतं. मध्येच ब्रँड बदलत राहणं जास्त महागात पडतं.

जास्त अल्कलिनिटीचं पाणी कालवून दिवसेंदिवस ठेवू नका. हीटर लावून ढवळत ठेवलं की बादलीच्या तळाशी आणि हीटरच्या काचेवर पांढरा थर धरतो; तो तुम्ही पैसे मोजून आणलेला कॅल्शियम कार्बोनेट. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत आणखी एक त्रास. मिठातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड ओल शोषतात, झाकण सैल राहिलं की जुलैत आत वीट तयार. ती फोडून वापरली तर आकडे कसेही येतात. शिवाय प्रवासात बारीक-जाड कण वेगळे होतात, म्हणून नवी बादली आधी फरशीवर चार वेळा लोळवावी.

मी आता नव्या बादलीतून पहिल्यांदा पाच लिटर कालवतो आणि केएच, म्हणजे अल्कलिनिटी, मोजतो. टँकपेक्षा एकाहून जास्त फरक दिसला तर १० टक्क्यांच्या वर पाणी बदलत नाही.