ग्राफीन मास्टरबॅच वापरण्याआधी

साध्या पॉलिप्रॉपिलिनच्या ट्रेवर स्थिर वीज साचून राहते. त्यात सर्किट बोर्ड ठेवला, की एखादी चिप आतून जळते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हा चार्ज हळूहळू उतरावा म्हणून प्लास्टिकमध्ये वाहक फिलर, म्हणजे वीज वाहून नेणारी भुकटी, घालतात; ग्राफीन त्यातलंच एक. अशा ट्रेसाठी पृष्ठभागाचा रोध साधारण १० हजार ते १० हजार कोटी ओहम या पट्ट्यात लागतो.

ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचा एकेरी थर. आमच्या मास्टरबॅचमध्ये, म्हणजे ग्राफीन आधीच दाट मिसळलेल्या प्लास्टिकच्या दाण्यांत मात्र अनेक थरांच्या, काही नॅनोमीटर जाडीच्या चकत्या असतात. एकेरी थर टनाच्या हिशेबात कुणी देऊ लागलं, तर जरा सावध राहा.

प्लास्टिकमधल्या चकत्या एकमेकींना जवळजवळ टेकल्या, की विजेला वाट तयार होते आणि रोध एकदम कोसळतो. त्याआधी फारसं काही होत नाही. म्हणून निम्मा डोस टाकून निम्मं काम होईल असं समजू नका. माल जवळपास कोराच राहील.

कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी कार्बनची भुकटी, हा नेहमीचा फिलर बहुधा १५ ते २५ टक्के घालावा लागतो. एवढ्याने माल ठिसूळ होतो, वितळलेलं प्लास्टिक घट्ट होतं, घासलं की काळं लागतं. ग्राफीन नीट मिसळलं तर कमी टक्क्यांत भागतं. पण साध्या डब्याला कार्बन ब्लॅक पुरत असेल, तर तोच घ्या; उगाच महाग माल कशाला? रंग दोन्हींत काळाच.

खरी गडबड मशीनवर होते. इंजेक्शनचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये दाबण्याचा, वेग जास्त ठेवला, की चकत्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या पडतात आणि वर नुसत्या प्लास्टिकची पातळ साय धरते. आत वाहकता असूनही वरून मीटर काहीच दाखवत नाही. वेग कमी करा, मोल्ड गरम ठेवा, गेट (मोल्डमध्ये प्लास्टिक शिरतं ते तोंड) बारीक नको. नायलॉन असेल तर आधी नीट सुकवा. ग्राइंडरमध्ये दळलेला वाया माल परत घालणार असाल, तर रोध पुन्हा मोजा, आणि दळताना मास्क लावा.

मोजायला साधा मल्टिमीटर चालत नाही. काही कोटी ओहमपुढे तो हात टेकतो. १०० व्होल्टचा पृष्ठभाग-रोध मीटर हवा. तो नसेल तर तुकडा आमच्याकडे पाठवा.

ऑर्डर देताना रेझिनचा (मूळ प्लास्टिकचा) ग्रेड, भागाची जाडी आणि हवा असलेला रोध कळवा. डोस त्यावरून ठरतो.