एका एकरावर बावीस लाख लिटर

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा तुटपुंजा वाटतो, पण तो एका एकरावर मांडून पाहा. जवळपास बावीस लाख लिटर पाणी होतं. त्यातलं बरंचसं दोन-चार जोरदार सरींत मातीसकट ओढ्याला जातं. घरचं अन्न घरच्या रानात पिकवायचं ठरवलं, तर रोपं आणण्याआधी या पाण्याची सोय लावायला हवी.

पर्माकल्चर ही शेती आखण्याची पद्धत बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात मांडली. जंगलात एकाचा पालापाचोळा दुसऱ्याचं खाद्य होतो, तशी झाडं, पिकं, जनावरं आणि पाणी यांची सांगड घालायची. तिथल्या आराखड्यात उतार आडवे कापणारे समपातळी चर हमखास असतात. पण सोलापुरात ते डोळे झाकून खणू नयेत.

आपल्याकडे एकाच गावात दोन जातींची जमीन असते. माळावरच्या हलक्या, मुरमाड रानात चर अगदी योग्य आहेत. पाणी थांबतं, मुरतं आणि चराच्या खालच्या अंगाला लावलेल्या बोर, सीताफळ, शेवग्याला ओल मिळते. खोल काळ्या रानाचं गणित वेगळं आहे. तिथली चिकणमाती भिजली की फुगते आणि तिच्यात पाणी फार हळू मुरतं. वाळली की आकसते आणि भेगाळते. अशा रानात बांधाला पाणी तुंबून पिकाची मुळं गुदमरतात आणि भेगाळलेला बांध फुटतो. म्हणून तिथं बांधाला किंचित उतार देऊन जादा पाणी शेततळ्याकडे न्यावं. समपातळी काढायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते.

हीच काळी माती ओल धरून ठेवण्यात मात्र पटाईत आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पावसाळा सरताना पेरतात आणि पुढं पाऊस झाला नाही तरी ती साठलेल्या ओलीवर पोसते. कोळपणीने, म्हणजे ओळींमधली माती कोळप्याने वरवर हलवल्याने, भेगा बुजतात आणि वाफेवाटे जाणारं पाणी वाचतं. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं जुनी माणसं म्हणतात ते यामुळेच. आच्छादनही हेच काम करतं. कडबा जनावरांसाठी ठेवावा, आच्छादनाला उसाचं पाचट घ्यावं. जिल्ह्यात ते आजही पेटवून दिलं जातं, हे पाहून जीव तुटतो. पाचटात कार्बन जास्त आणि नत्र कमी असल्याने ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात. त्यामुळे सोबत शेणकाला द्यावा आणि मध्ये कडधान्य घ्यावं.

तूर, मटकी, हुलगा यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र पिकाला देतात. गाठ फोडल्यावर आत गुलाबी दिसली, तर काम चालू आहे असं समजावं. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ, रब्बीत ज्वारीच्या कडेने काटेरी करडई, बांधावर हादगा आणि गिरिपुष्प: भाकरी, डाळ, तेल, पाला यांची घरापुरती बेगमी होऊ शकते. मीठ-साखर बाजारातूनच येणार, त्यात कमीपणा काही नाही.

रोख पैशासाठी डाळिंब लावावं, पण सगळं रान त्याच्या हवाली करू नये. तेल्या हा जिवाणूजन्य रोग पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर झाडावरून झाडावर जातो. सलग बागेत त्याला अडवणारं काही नसतं, आणि बाग बसली की वर्षाची कमाईही बसते. मध्ये दुसऱ्या झाडांचे पट्टे असले तर निदान घरचं खाणं तरी सुटत नाही.

सगळ्यात आधी मात्र कुंपण हवं. सुगी झाली की शेरडं-गुरं मोकळी सुटतात आणि उन्हाळ्यात हिरवं दिसेल ते खातात. पहिल्या पावसातच कडेने सागरगोटा नि घायपात लावावा. तो दाट होईपर्यंत बाभळीच्या काट्यांचं कुंपण करावं आणि शेजारच्या मेंढपाळाशी आधीच बोलून ठेवावं. रान रिकामं असेल तेव्हा त्याची मेंढरं बसवली, तर लेंडीखतही मिळतं.